तिकडीतला तिसरा

लोरीडेल गावच्या आइस हॉकी संघात आघाडीवर खेळणाऱ्या पहिल्या तिकडीत दोघे हॉकी खेळायचे आणि तिसरा मार खायचा. खेळणारे दोघे म्हणजे टॅनर आणि रीस बेलिस्ल, चुलतभाऊ. दोघांच्याही हातात जन्मतःच स्टिक असावी आणि डॉक्टरला ती नाळेबरोबर कापायची राहून गेली असावी, असं वाटावं इतके तयार. तिसरा क्लेटन वास्किव. त्याला क्लेटन म्हणणारी माणसं गावात मोजकीच. बाकी सगळ्यांचा तो वास्की.

वास्कीचं काम समजायला सोपं होतं आणि करायला कोणी तयार नसायचं. पक, म्हणजे ती रबरी चकती, समोरच्या कोपऱ्यात गेला की आपण आधी तिथं पोचायचं. मागून फ्रिजएवढा बचावपटू येतोय हे कानांनी ऐकायचं, पण वळायचं नाही. धडक पाठीवर घ्यायची, रिंकभोवतीच्या कठड्याला चिकटायचं, आणि चिकटल्या चिकटल्या स्केटच्या टोकानं पक मोकळा करून टॅनरकडे ढकलायचा. मग धावत जाऊन गोलकीपरच्या तोंडासमोर उभं राहायचं, म्हणजे त्याला काही दिसू नये. त्या बदल्यात कमरेत स्टिका खायच्या. टॅनरचा फटका आपल्याच ढुंगणाला लागून गोलात गेला नाही, तर वर त्याचीच माफी मागायची. आणि कोणी टॅनरच्या अंगाला हात लावला, तर हातमोजे टाकून त्याचा समाचार घ्यायचा. एवढं सगळं झालं की तिकडीची बर्फावरची पाळी संपायची, धापा टाकत बाकावर येऊन बसायचं आणि टॅनरला म्हणायचं, "काय सुंदर खेळलास रे!"

ही तिकडी प्रशिक्षक मर्व टॉफ्टची कल्पना. मर्वचं टायरचं दुकान होतं आणि जगातल्या बहुतेक गोष्टी त्याला टायरवरून समजायच्या. ही मात्र त्याला जेवणावरून समजली होती.

"दोन हुशार एकत्र ठेवले ना, की ते लग्नातल्या पाहुण्यांसारखे करतात," तो कॉफीच्या दुकानात टेबलावर बोट आपटत सांगायचा. "'आधी तू घे.' 'छे छे, आधी तू.' तेवढ्यात ताट दुसराच पळवतो. त्यांच्यात एक असा पाहिजे की ज्याला भूक लागलीय आणि लाज नाही."

"आणि मला लाज नाही हे तुला कधी कळलं?" वास्की शेजारच्या टेबलावरून विचारायचा.

"तुझं स्केटिंग बघितलं तेव्हा."

खरंच, वास्कीचं स्केटिंग म्हणजे गोठ्यातून नुकतंच सुटलेलं वासरू. पण त्या तिकडीत आल्यापासून त्याचे दिवस पालटले होते. तो आसपासच्या रस्त्यांवरचा बर्फ काढणारा ग्रेडर चालवायचा. या धंद्यात माणसाला कोणी चांगलं म्हणत नाही. रस्ता काढला नाही तर शिव्या, काढला तर फाटकापुढे बर्फाचा बांध घातलास म्हणून शिव्या. त्याच्या बापानं हेच काम केलं होतं आणि तो गेला तेव्हा चर्चच्या तळघरातल्या जेवणाला आलेली माणसंही फाटकांबद्दलच बोलत होती. वास्कीचंही तसंच व्हायचं होतं. पण तीन हिवाळ्यांपूर्वी टॅनर अमेरिकेतल्या कॉलेजातून गावी परतला, मर्वनं वास्कीला चौथ्या तिकडीतून उचलून त्याच्या शेजारी बसवलं, आणि लोक ग्रेडरला हात करायला लागले. म्हाताऱ्या बायका फाटकापुढचा बांध स्वतः फावड्यानं उपसून वर त्यालाच विचारायच्या, "शनिवारी जिंकणार ना रे?"

माणूस यापेक्षा स्वस्तातही बिघडतो.

आता डोक्याच्या परीक्षेबद्दल. लीगनं काही वर्षांपूर्वी नियम काढला होता की हंगाम सुरू व्हायच्या आधी, डोकं शाबूत असताना, प्रत्येक खेळाडूची परीक्षा घ्यायची. शब्द लक्षात ठेवणं, आकडे उलटे म्हणणं, एका पायावर उभं राहणं, असलं काहीबाही. पुढे कोणाला मार लागला की तीच परीक्षा पुन्हा घ्यायची. गुण घसरले तर बाहेर बसवायचं. नियम शहाणा होता. नियम करणाऱ्यांनी एकच गोष्ट विचारात घेतली नव्हती, ती म्हणजे हॉकीवाले.

पहिल्याच वर्षी जुन्या खोडांच्या लक्षात आलं की सप्टेंबरात मुद्दाम गाढव व्हायचं. पट्टी आधीच जमिनीवर ठेवली की पुढे आडवं पडूनही ओलांडता येते. संघात नवा कोणी आला की वास्की त्याला हे शिकवायचा. टॅनरलाही त्यानंच शिकवलं होतं.

त्या सप्टेंबरात शाळेच्या हॉलमध्ये परीक्षा होती. घेणाऱ्या ग्लेनिसबाई. दवाखान्यातल्या मुख्य नर्स, वास्कीच्या आईच्या मैत्रीण.

"महिने उलटे म्हण," ग्लेनिसबाई म्हणाल्या.

"उलटे म्हणजे? डोकं खाली करून?"

"क्लेटन."

"डिसेंबर. नोव्हेंबर. मग तो हा... हरणं मारायचा महिना."

"नाव सांग त्याचं."

"हरणाचं?"

मागे रांगेत खसखस पिकली. ग्लेनिसबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुझ्या आईच्या शेजारी बसून मी जन्मभर चर्चसाठी पेरोगीच्या करंज्या वळल्यात. तिचा मुलगा इतका ढ नव्हता."

"नव्हतोच हो. मग लग्न झालं."

एका पायावर उभं राहताना तो असा काही कोसळला की रीसनं टाळ्या वाजवल्या. ग्लेनिसबाईंनी मान हलवली आणि आकडा लिहिला. त्यांना सोंग कळत होतं. पण सोंगाला वेगळा रकाना नव्हता.

जानेवारीत व्हिंटनच्या संघाशी सामना होता. त्यांच्यात हॅगर्टी नावाचा गुरांचा दलाल बचावाला खेळायचा. गुरं गाडीत चढवण्याची सवय त्यानं रिंकवरही सोडली नव्हती. पक कोपऱ्यात गेला. वास्की आधी पोचला. मागून हॅगर्टीचे स्केट करकरले. शहाण्या माणसानं अंग चोरलं असतं, पण शहाण्या माणसाला मर्वनं त्या तिकडीत ठेवलं नसतं. वास्कीचं डोकं कठड्यावरच्या काचेवर आपटलं. पक मात्र सुटला होता. टॅनर, रीस, पुन्हा टॅनर, आणि गोल.

सगळी रिंक उभी राहिली आणि सगळ्यांनी गोलाकडे पाहिलं. कोपऱ्याकडे कोणी पाहिलं नाही. त्यात कोणाची चूक नाही. तिकीट काढून आलेला माणूस कोपरा कशाला बघेल? वास्की आपला आपण उठला. बाकीच्यांचे हात वर होते म्हणून त्यानंही हात वर केले.

प्रेक्षकांत बसलेल्या ग्लेनिसबाईंनी मात्र पाहिलं होतं. त्या ड्रेसिंग रूममध्ये आल्या आणि त्यांनी परीक्षा घेतली. वास्कीला आतून काहीतरी बरं वाटत नव्हतं. दिवे फार जोरात लागल्यासारखे वाटत होते. म्हणून या वेळी तो खरं बोलला. वर्षभर कॉपी करणारा पोरगा शेवटच्या पेपरला कॉपीशिवाय बसावा, तसा घाम गाळून त्यानं एकेक शब्द आठवला. महिने उलटे म्हणताना ऑक्टोबर आलाच नाही. एका पायावर उभा राहिला आणि पडला.

ग्लेनिसबाईंनी बेरीज केली. पुन्हा केली.

"सप्टेंबरइतकेच," त्या म्हणाल्या.

"म्हणजे जेवढा ढ होता तेवढाच आहे," मर्व म्हणाला. "चला, पुढची पाळी!"

खोली हसली. वास्कीही हसला. पण सप्टेंबरात जे सोंग आणलं होतं, ते आता न आणताच आलं होतं.

त्यानंतर तो खेळतच राहिला आणि वरवर पाहता काही बिघडलं नाही. कोपऱ्यात जायला डोकं फारसं लागत नाही. ग्रेडरवर लागतं. एका सकाळी त्यानं उत्तरेकडचा रस्ता काढला, वळला आणि तोच रस्ता पुन्हा काढला. पलीकडचा तसाच राहिला. त्या रस्त्यावरच्या डिबविगनं फोन केला.

"वास्की, माझ्या दारात बर्फाचा डोंगर आहे आणि शेजाऱ्याचा रस्ता तू आरशासारखा केलायस. माझं काही चुकलं का?"

"त्याची बायको हात करते रे," वास्की म्हणाला. "तुझी करत नाही."

डिबविग इतका हसला की त्यानं दुपारी ही गोष्ट कॉफीच्या दुकानात सगळ्यांना सांगितली. विनोदी माणसाची ही एक सोय असते. तो बुडत असला तरी लोकांना वाटतं पोहायची नक्कल करतोय.

घरी त्याची बायको शॉना हसत नव्हती. एका दुपारी तिला तो तळघरात सापडला, दिवा बंद करून धुण्याच्या मशीनसमोर बसलेला.

"काय करतोयस?"

"मशीन बघतोय."

"बंद आहे ते."

"म्हणूनच. बोलत नाही."

शॉना जिन्याच्या पायरीवर बसली. "काल तू मला तीनदा विचारलंस, जेवलीस का. पहिल्यांदा मला बरं वाटलं. दुसऱ्यांदा वाटलं आज काय प्रेम उतू चाललंय. तिसऱ्यांदा तुझा चेहरा बघितला आणि भीती वाटली, क्ले."

"जेवली होतीस का पण?"

"ग्लेनिसकडे जा."

"हंगाम संपला की जातो."

"हंगाम संपला की तू कोण असशील?"

तिला म्हणायचं होतं की तेव्हा तुझी काय अवस्था असेल. वास्कीला मात्र दुसराच अर्थ लागला, आणि त्या अर्थाची त्याला जास्त भीती होती. हंगाम संपला, तिकडी सुटली, की तो कोण? ग्रेडरवाला. फाटकापुढे बांध घालणारा, बापासारखा.

तो ग्लेनिसबाईंकडे गेला असता की नाही कोण जाणे. पण त्याच आठवड्यात टॅनरनं त्याला सरावानंतर गाठलं. पोराच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"वास्की, अजून कोणाला सांगू नकोस. जर्मनीतला एक संघ मला घेतोय. मार्चनंतर जायचं. माझे व्हिडिओ बघितले त्यांनी. आणि तुला माहितीये, तुझंही विचारलं!"

वास्कीनं हातातली पिशवी खाली ठेवली. "माझं? काय विचारलं?"

"म्हणाले, तो कोपऱ्यात घुसणारा कोण आहे, मस्त काम करतो. मी सांगितलं, त्याच्याशिवाय माझा खेळच नाही. खरं तेच सांगितलं."

"मग?"

"मग ते म्हणाले, काळजी करू नको, आमच्याकडे तसे तीनचार आहेत."

टॅनरनं हे मनापासून, प्रेमानं सांगितलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. वास्कीनं त्याचं अभिनंदन केलं. मग तो ट्रकमध्ये जाऊन बसला आणि इंजिन सुरू करायचं विसरला. की मुद्दामच नाही केलं, हे त्याचं त्यालाच नीट कळलं नाही. असे तीनचार. आणि त्याच्याकडे डोकं एकच.

दुसऱ्या दिवशी तो आपल्या पायांनी दवाखान्यात गेला. ग्लेनिसबाईंनी पुन्हा परीक्षा घेतली. पुन्हा तोच आकडा, उलट एक गुण वर.

"आकडा म्हणतो तू सुधारलास," त्या म्हणाल्या.

"आकडा खोटा आहे," वास्की म्हणाला. "सप्टेंबरात मी मुद्दाम चुकलो. तुम्हाला माहितीये."

"माहितीये. बरं झालं तू तोंडानं बोललास." ग्लेनिसबाईंनी चष्मा काढला. "मग तुझा खरा आकडा किती होता?"

"मला काय माहीत?"

"आदल्या वर्षीचा?"

"तेव्हाही मुद्दामच."

"त्याच्या आदल्या?"

धडधाकट वास्कीच्या डोक्यात नेमकं काय काय होतं, हे जगात कुठंच नोंदलेलं नव्हतं. तो किती हुशार होता, हे आता त्यालाही कधी कळणार नव्हतं. कदाचित बराच असेल.

"शहरातल्या डॉक्टरकडे पाठवते," ग्लेनिसबाई म्हणाल्या. "नंबर उन्हाळ्यात लागेल. तोवर रिंकवर पाऊल टाकायचं नाही. मर्वला आत्ता फोन करते. आणि लीगलाही कळवावं लागेल."

"लीगला कशाला?"

"कशाला म्हणजे? तू एकट्यानं नाही केलंस हे. सगळ्यांना पुन्हा तपासायचं. कोणी कोणी मुद्दाम पेपर बिघडवले ते निघेल आणि ते घरी बसतील. शनिवारच्या आत."

शनिवारी व्हिंटनशी शेवटचा, निर्णायक सामना होता. पण वास्कीच्या डोक्यात शनिवार नव्हता. तिथं टॅनर होता. कोणी कोणी, यात टॅनर पहिला. जर्मनीवाले विचारणार, पोरगा घरी का बसला? उत्तर मिळणार, डोक्याच्या परीक्षेत फसवलं म्हणून. कोणी शिकवलं? वास्कीनं.

त्याला मागून स्केट करकरताना ऐकू आले. आणि कोणीतरी टॅनरच्या अंगावर चालून येतंय असं दिसलं की काय करायचं, हे त्याला विचार न करता येत होतं.

"ग्लेनिसबाई, मस्करी केली हो."

"काय?"

"सप्टेंबरात जेवढं येत होतं तेवढं सांगितलं. शॉना मागे लागली होती, म्हटलं हंगाम आटपून घरी बसावं, म्हणून आत्ता काहीतरी बोललो. मी आहेच ढ. गावात कोणालाही विचारा."

"क्लेटन, माझ्याकडे बघ."

त्यानं पाहिलं. खिडकीतल्या उजेडानं डोळ्यांत सुया टोचत होत्या, तरी पाहत राहिला. ग्लेनिसबाईंचा हात फोनवर होता. आकडा त्यांच्या बाजूनं बोलत नव्हता आणि आता माणूसही बोलत नव्हता. तरी त्यांनी मर्वला फोन लावलाच. म्हणाल्या, माझं मन सांगतं याला खेळवू नकोस. पलीकडून मर्वनं विचारलं, परीक्षा काय सांगते? ग्लेनिसबाईंना खोटं बोलता येत नव्हतं. मर्व वाईट माणूस नव्हता. त्यानं वास्कीला फोनवर घेतलं आणि सरळ विचारलं, "खेळशील?"

"खेळतो की."

"मग झालं तर."

शनिवारी रिंक भरून वाहत होती. तळलेल्या कांद्याचा वास छतापर्यंत गेला होता. शॉना आली नव्हती. ती म्हणाली होती, "तू जा. मला बघायला बोलावू नकोस." त्यानं विनोद शोधला, सापडला नाही, म्हणून पिशवी उचलून तो निघाला.

पण तो खेळला मात्र असा की विचारू नका. डोकं बाजूला ठेवलं की त्याचं अंग सगळं जाणत होतं. कोपऱ्यात गेला, धडक घेतली, पक सोडवला. पुन्हा गेला, पुन्हा घेतली. हॅगर्टीनं एकदा टॅनरवर नेम धरला, तेव्हा वास्की मध्ये येऊन असा उभा राहिला की दोघेही कठड्यावरून बाकावर पडता पडता वाचले. "म्हाताऱ्या, तू मरत का नाहीस?" हॅगर्टी ओरडला. "सोमवारी बघतो, आज काम आहे," वास्कीनं सांगितलं. तिसऱ्या आणि शेवटच्या डावाच्या अखेरच्या मिनिटांत तो पुन्हा कोपऱ्यात होता. काच थरारली, पक सुटला. टॅनरनं तो घेतला, रीसकडे बघितल्यासारखं केलं आणि स्वतःच मारला. शिट्टी वाजली तेव्हा लोरीडेल जिंकलं होतं. टॅनरला खांद्यावर घेतलं. वास्की खांदा देणाऱ्यांत होता.

ड्रेसिंग रूममध्ये नुसता धिंगाणा. बिअरच्या बाटल्या, ओले टॉवेल, कोणाच्या तरी फोनवर बेसूर गाणं. मर्वला कपड्यांसकट शॉवरखाली ढकललं होतं आणि तो तिथूनच भाषण करत होता. वास्की आपल्या जागेवर बसून होता. स्केट काढून झाले होते, डोक्यावर टॉवेल होता. थोड्या वेळानं त्यानं टॉवेल बाजूला केला आणि वाकून स्केट पुन्हा चढवले. नाड्या नेहमीसारख्या, दातओठ खाऊन आवळल्या. हेल्मेट घातलं, स्टिक घेतली आणि दाराशी जाऊन उभा राहिला.

"काय रे वास्की," रीस म्हणाला. "कुठं निघालास?"

"चला ना," वास्की म्हणाला. "तिसरा डाव सुरू होईल."

रीसच्या तोंडातली बिअर फवाऱ्यासारखी बाहेर आली.

"अरे कोणीतरी व्हिंटनची बस अडवा! वास्कीला हॅगर्टीची आठवण येतेय!"

खोली कोसळलीच. मर्व शॉवरखाली पोट धरून बसला. कोणी बाक बडवत होतं, कोणी रडेपर्यंत हसत होतं. वास्कीनं एकेकाचा चेहरा पाहिला. बाटल्या पाहिल्या. टॅनरचे केस धुतलेले आहेत हे पाहिलं. हळूहळू त्याला हिशोब लागला.

"काय करणार," तो म्हणाला, "घरी बायको आहे."

पुन्हा हशा. तो परत येऊन जागेवर बसला आणि नाड्या सोडायला वाकला. गाठ घट्ट बसली होती. बोटं शोधत होती, टोक सापडत नव्हतं. टॅनरनं ते पाहिलं आणि हसत हसत त्याच्यासमोर गुडघे टेकले.

"आण इकडे, म्हाताऱ्या. मी गेल्यावर हे कोण करणार रे तुझं?"

वास्कीनं पाय पुढे केला. आपण जिंकलो हे तर दिसतच होतं. गोल कोणी मारला, हे त्याला टॅनरला विचारायचं होतं. पण सगळे अजून डोळे पुसत होते, आणि एवढा चांगला विनोद झाल्यावर लगेच दुसरा करणं त्याला बरं वाटेना.